इटलीच्या गोदामातला कोपरा

कवळीवाल्या बाईंना राग उशिरा यायचा, पण आला की मुक्कामालाच यायचा.

दातांच्या एका दवाखान्यामागच्या खोलीत बसून त्या लोकांच्या कवळ्या करत. लग्नाआधीपासून हेच काम. समोर फळीवर प्लास्टरचे जबडे, डाव्या हाताला मेण वितळवायचा दिवा, उजव्या हाताला छोटी भट्टी. एखाद्याची कवळी हिरडीला टोचत असेल तर टोचणं थांबेपर्यंत त्या ती घासत बसत. डॉक्टर घाईत येऊन म्हणत, "चालेल हो आता." बाई मान वर न करता म्हणत, "तुम्हाला चालेल. चावायचंय त्यांना."

अशा या बाईंकडे एक इटालियन गाडी होती. दोनच माणसांची, राखी रंगाची आणि इतकी बसकी, की तिच्या टपावर कोपर टेकून उभं राहता येई. बाईंचे यजमान ग्रंथालयात नोकरीला होते आणि अंगाने उंच होते. गाडीत बसायचं तर आधी मान आत जायची, मग एक पाय, आणि मग बाकीचे यजमान हप्त्याहप्त्याने. आत बसले की ते डोळे मिटून घेत. कुणी विचारलं तर म्हणत, "मी झोपत नाही. मी भरवसा ठेवतो."

गाडी मामांची. मामा बोटीवर इंजिनिअर होते. कुठल्याशा बंदरात ही गाडी त्यांच्या डोळ्यांत भरली आणि त्यांनी ती बोटीतून घरी आणली. मग उरलेलं आयुष्य सुट्टीचा प्रत्येक दिवस ते तिच्याखाली आडवे पडून होते. मामी म्हणत, "सवत आणली असती तर निदान चार भांडी तरी घासली असती." मामांचा मुलगा, म्हणजे बाईंचा दादा, त्या बाजूला फिरकत नसे. त्याला हाताला तेल लागलेलं खपत नसे. भाची मात्र शाळेतून थेट तिथे यायची, दिवा धरून बसायची आणि मामांनी मागितला तो पाना न बघता हातात द्यायची. म्हणून मामांनी जाताना गाडी भाचीला दिली. दादाने तेव्हा सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "ने बाई ते भंगार. गॅरेज मोकळं होईल."

गॅरेज मोकळं करायची त्याला इतकी घाई झाली होती, की बाई गाडी न्यायला पोचायच्या आधीच त्याने दोन गोष्टी करून ठेवल्या होत्या. एक, मामांची लोखंडी पेटी त्याने भंगारवाल्याला वजनावर दिली. त्या पेटीत मामांनी जगभरच्या बंदरांतून एकेक करून जमवलेले सुटे भाग होते, प्रत्येक भाग तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. दुसरं, गाडी आपणच बाहेर काढू म्हणून ती सुरू करायला गेला. अ‍ॅक्सिलरेटर अडकला होता, तर पकडीने खेचला आणि आतला कोपरा मोडला.

हा कोपरा म्हणजे बोटाएवढा एक तुकडा. पायाखालच्या पॅडलची सळई आणि कार्ब्युरेटरची सळई यांच्या मध्ये तो बसतो. पायाचा जोर घेतो आणि काटकोनात वळवून पुढे देतो. दिसायला क्षुल्लक, पण तो नसेल तर गाडी जागची हलत नाही. आणि तो चुकीच्या वेळी मोडून सळयांमध्ये अडकला, तर इंजिन भरधाव राहतं, पाय उचलला तरी. मोडलेल्या कोपऱ्याचा अर्धा भाग सापडला. उरलेला अर्धा दादाने झाडून टाकला होता.

"लोखंडाचा एक तुकडा तर आहे," तो म्हणाला. "बाजारात मिळेल."

बाजारात मिळाला नाही. ज्या कारखान्याने ती गाडी केली होती, त्याने ते भाग करणं केव्हाच सोडलं होतं. बाईंनी परदेशात पत्रं पाठवली. कुणी उत्तर दिलं नाही, कुणी "अख्खं इंजिन घ्या, कोपरा त्यात आहे" असं कळवलं. शेवटी एके दिवशी कवळ्यांचं काम आटोपल्यावर बाईंनी मोडका अर्धा कोपरा प्लास्टरच्या जबड्याशेजारी ठेवला आणि मेण वितळवायला घेतलं. दाताची टोपी करतात तसंच करायचं: आधी मेणाचा नमुना, त्याभोवती साचा, भट्टीत मेण जाळायचं आणि उरलेल्या पोकळीत धातू ओतायचा. अर्धा भाग समोर होता, त्याची नक्कल सोपी होती. हरवलेला अर्धा कसा होता हे कुणालाच माहीत नव्हतं. तो बाईंनी अंदाजाने घडवला. सळयांची लांबी मोजली, हाताने पॅडल हलवून पाहिलं, मेण थोडं लावलं, थोडं खरवडलं. एका ठिकाणी मेण मऊ असताना त्यांच्या अंगठ्याचं नख रुतलं आणि चंद्रकोरीसारखी खूण उमटली. पहिला नमुना नुसता मापाचा होता, म्हणून त्यांनी ती तशीच राहू दिली.

तो पहिला कोपरा त्यांनी मऊ धातूत ओतला, गाडीत बसवून माप पाहिलं आणि काढून घेतला. त्याच मापावरून लेथवाल्याकडून पक्क्या पोलादाचा दुसरा करून घेतला, तो गाडीत चढवला आणि गाडी धावायला लागली. लेथवाला म्हणाला, "बाई, हा आता तुमच्या नातवंडांनाही पुरेल." बाईंना मूलबाळ नव्हतं, पण बोलण्यातला भाव त्यांना आवडला.

दादा तेव्हा घरी आला होता. टेबलावरचा मऊ धातूचा कोपरा त्याने हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "हा मला देशील? बाबांच्या फोटोशेजारी ठेवतो. त्यांच्या गाडीची आठवण."

बाईंना भरून आलं. इतक्या वर्षांनी याला बापाची आठवण झाली, म्हणून त्यांनी तो फडक्याने पुसून दिला. देताना एवढंच बजावलं, "नुसता मापाचा आहे हं. कुणाच्या गाडीत लावायचा नाही. मोडेल."

"फोटोशेजारी ठेवायचाय म्हटलं ना," दादा म्हणाला.

पुढे जुन्या गाड्यांना चांगले दिवस आले. ज्यांना लोक भंगार म्हणत होते त्यांचे फोटो भिंतींवर लागायला लागले, आणि तेलाचा वास न सोसणाऱ्या दादाने जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान थाटलं. काचेची कपाटं, आत दिवे, मखमलीवर मांडलेले नट-बोल्ट. येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो सांगे, "हे आमच्या रक्तातच आहे. वडिलांच्या मांडीवर शिकलो." बाईंच्या कानावर हे आलं तेव्हा त्या हसल्या. मामांच्या मांडीवर तो बसल्याचं त्यांना तरी आठवत नव्हतं. पण माणसाला पोट असतं, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

मग एकदा जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या मंडळाच्या पत्रकात जाहिरात आली. दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याची होती. इटलीतल्या एका बंद पडलेल्या गोदामात कारखान्याचा जुना माल सापडला आहे, त्यात याच गाडीचे अस्सल कोपरे आहेत. बाईंनी ती जाहिरात पुन्हा पुन्हा वाचली.

"आपल्या गाडीत आहे की कोपरा," यजमान म्हणाले.

"आहे. पण अर्धा माझ्या अंदाजाचा आहे. खरा कसा होता ते मला बघायचंय."

यजमानांना हे पटलं. ग्रंथालयात फाटक्या पुस्तकाचं हरवलेलं पान सापडावं म्हणून तेही वर्षानुवर्षं वाट बघत असत.

खोका आला तेव्हा बाईंनी हात धुतले, टेबलावर पांढरं फडकं पसरलं आणि मगच तो उघडला. खोक्यावर इटालियन अक्षरं होती, आत पिवळट कागद, कागदावर मुद्दाम पाडलेले तेलाचे डाग. कागद सोडवला आणि कोपरा हातात आला. हाताला तो हलका लागला. बाईंनी तो खिडकीशी नेला, हळूहळू फिरवला आणि एका ठिकाणी थांबल्या. तिथे चंद्रकोरीसारखी खूण होती. बाईंनी अंगठ्याचं नख तिच्यावर ठेवलं. ते चपखल बसलं.

यजमान वर्तमानपत्रातून मान काढून म्हणाले, "काय, कसा आहे खरा?"

बाईंनी नख खुणेवरून उचललं नाही. मग म्हणाल्या, "माझंच नख मला विकलं."

आधी त्यांना हसूच आलं. ते विरलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. फसवलं गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. त्या कोपऱ्याचा हरवलेला अर्धा त्यांना बघायचा होता; आणि ज्याने तो झाडून टाकला त्यानेच त्यांच्या अंदाजाला खरं म्हणून जगात सोडलं होतं. आता कुणी मोजायला गेला तरी हाच सापडणार, हेच कारखान्याचं माप म्हणून पुढच्या पुढच्यांकडे जाणार. आणि याहूनही वाईट म्हणजे धातू. बाईंनी कोपऱ्याच्या कडेवर कानस ओढली. राखाडी रंग निघाला आणि खाली जस्ताचा ओतीव ठिसूळ पांढरेपणा दिसला. त्यांचा मापाचा नमुना मोडण्याआधी निदान वाकला असता. हा वाकणार नव्हता, तुटणार होता.

त्यांनी विक्रेत्याला फोन लावला. तो भला माणूस निघाला. गोंधळून म्हणाला, "अहो, माल तर तुमच्याच गावातून येतो," आणि दादाच्या दुकानाचं नाव सांगितलं.

दादाच्या दुकानात मखमलीवर तसलेच कोपरे ओळीने मांडले होते. मामांचा फोटोही होता, हार घातलेला, गल्ल्याच्या वर. त्याच्याशेजारी काही नव्हतं.

"दादा, हे कुठले?"

"इटलीचे. जुना माल." दादाने हे गिऱ्हाइकांना सांगायच्या सवयीने म्हटलं आणि मग कुणाला म्हणतोय ते त्याच्या ध्यानात आलं.

"यावर माझं नख आहे."

दादाने कोपरा उचलून पाहिला आणि मोकळेपणाने हसला. "अगं, मग खूश हो की. तुझं काम इतकं बेमालूम आहे, भलेभले अस्सल समजतात. मी तर सगळ्यांना सांगेन, पण मग अस्सल कसं म्हणायचं?"

"मी म्हटलं होतं, गाडीत लावायचा नाही. मोडेल."

"एवढ्यांनी लावलाय, कुणाची तक्रार आली का?"

"तक्रार करायला माणूस उरायला लागतो, दादा."

दादाने इकडेतिकडे पाहिलं. दुकानात एक गिऱ्हाईक होतं. त्याने आवाज खाली घेतला. "हे बघ, घरातली गोष्ट आहे. तुझा काही वाटा असेल तर तसं सांग. मी नाही म्हटलंय का कधी?"

बाईंना वाटलं होतं, तो ओशाळेल, निदान सारवासारव करेल. वाटा काढून देईल हे मनातही आलं नव्हतं. त्यांनी मखमलीवरचा एक कोपरा उचलला, टेबलाच्या कडेला टेकवला आणि तळहाताने दाब दिला. तो खडूसारखा तुटला. मग त्या गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाल्या, "घेणार होतात का?" आणि निघून आल्या.

दुसऱ्या दिवशी मामींचा फोन आला. मामी आता फार थकल्या होत्या, पण आवाज खणखणीत होता. "पोरी, घरातलं भांडण बाजारात कशाला नेलंस?"

"मामी, घरातली वस्तू बाजारात मी नाही नेली."

मामी म्हणाल्या, "तो म्हणतो, फार तर एक तुकडा आहे."

"ब्रेक लावायच्या वेळी इंजिन ओढत राहिलं तर तो एक तुकडा पुरतो."

मामींनी फोन ठेवला नाही. पलीकडून त्यांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत राहिली. शेवटी बाईंनीच फोन ठेवला.

मंडळाचा वार्षिक मेळावा जवळ आला होता. बंद पडलेल्या एका गिरणीच्या आवारात लोक आपापल्या गाड्या धुऊनपुसून आणत, एकमेकांच्या बॉनेटखाली डोकावत आणि आपलीच गाडी कशी बरी हे सौम्य शब्दांत सांगत. बाईंनी लेथवाल्याला गाठलं. पक्क्या पोलादाचे जमतील तेवढे कोपरे करून दे म्हणाल्या. लेथवाल्याने विचारलं, "म्हणजे चोरी त्यांनी करायची आणि निस्तरायचं तुम्ही?"

"मग काय करू? माझं माप आहे ते. मोडलं तर माझ्या मापाने मोडेल."

हेच त्यांना सगळ्यात जास्त झोंबत होतं. दादा मखमली झटकत बसला होता, आणि सुट्टीच्या दिवसांत त्या लेथच्या आवाजात उभ्या राहून कोपऱ्यांच्या कडा घासत होत्या.

मेळाव्यात त्यांनी अध्यक्षांकडे बोलायला वेळ मागितला. अध्यक्ष भारदस्त गृहस्थ होते, त्यांची लाल इटालियन गाडी आवाराच्या मध्यभागी उभी होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बाई, तुमच्या भावाचं दुकान आपल्या मेळाव्याला मदत करतं. कौटुंबिक वाद इथे नकोत."

"वाद नाही. बॉनेट उघडा, तुमचा कोपरा बघते."

"माझा कोपरा अस्सल आहे. खोक्यासकट घेतलाय."

"खोका बराच अस्सल आहे," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी बॉनेट उघडलं नाही. बाईही मग वाट बघत बसल्या नाहीत. ओळीतल्या एकेका गाडीपाशी गेल्या, सांगितलं, तुटलेला कोपरा दाखवला. काहींनी ऐकलं, काही "बघू नंतर" म्हणाले. एक जण यजमानांना बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, तुम्हीच जरा समजवा ना यांना." यजमान म्हणाले, "मला गाडीतलं काही कळत नाही. मी डोळे मिटून बसतो. पण कुणाच्या शेजारी ते बघून बसतो."

ओळीच्या टोकाला गुरांचे एक डॉक्टर होते, वयस्कर, त्यांची गाडी निळी. बाईंचं बोलणं ऐकता ऐकता ते खाली बसले. म्हणाले, "गेल्या महिन्यात घाटाच्या उतारावर माझा पाय वर आला तरी गाडी पळत राहिली. चावी फिरवून इंजिन बंद केलं, गाडी कठड्याला घासत थांबवली. मला वाटलं, माझाच पाय चुकला. बायको म्हणाली, वय झालं तुमचं, गाडी विका." त्यांनी बॉनेट उघडलं. कोपऱ्याला मधोमध चीर गेली होती आणि एक कडा उडालेली होती. चंद्रकोर शाबूत होती.

"आधी कुठला होता यात?" बाईंनी विचारलं.

"आधीचा? तो कारखान्याचाच होता. चांगला होता हो, पण दिसायला जुना. तुमच्या बंधूंनी सांगितलं, जुना झाला की बदलावा."

पोलाद काढून जस्त बसवलं होतं, आणि तेही अस्सल हवं म्हणून. बाईंनी विचारलं, "तो टाकला का?"

"टाकतो कशाला?" डॉक्टरांनी मागच्या पेटीतून फडक्यात गुंडाळलेला तुकडा काढून दिला.

खरा कोपरा असा दिसत होता तर. बाईंनी तो दोन्ही हातांत धरला. त्यांनी जिथे सरळ भिंत घडवली होती तिथे खऱ्याला आतून एक बारीक कणा होता, जोर पडेल तिथे बरोबर जाड होत गेलेला. कुणीतरी, दूरच्या कारखान्यात, माणसाच्या पायाचा विचार करून तो तिथे ठेवला होता. बाईंचे डोळे क्षणभर भरले आणि लगेच कोरडेही झाले, कारण अशाच खऱ्या भागांची अख्खी पेटी दादाने वजनावर विकली होती.

डॉक्टरांचं ऐकून आणखी काही बॉनेटं उघडली गेली. बाई, लेथवाला आणि डॉक्टर मिळून दुपारभर गाड्यांखाली होते. जस्ताचे कोपरे काढले, पोलादाचे बसवले, काढलेले तिथेच हातोड्याने फोडले. तीन-चार जणांनी आभार मानले. एकाने विचारलं, "यावर कारखान्याचा शिक्का नाही का?" अध्यक्षांची लाल गाडी संध्याकाळी सगळ्यांच्या आधी, बॉनेट न उघडता, मोठा आवाज करत आवाराबाहेर पडली. बाई हातातला पाना धरून तिच्याकडे बघत राहिल्या.

"आता त्यांच्या नशिबावर सोड," यजमान म्हणाले.

"नशिबावर कशाला? मी फोन करणार."

त्यांनी केला. दर आठवड्याला करत राहिल्या. अध्यक्षांनी पुढे त्यांचा फोन उचलायचं सोडलं, तेव्हा त्यांनी अध्यक्षांच्या बायकोला गाठलं. बायकोने गाडी घेऊन ड्रायव्हरला पाठवलं आणि कोपरा बदलून गेला. अध्यक्षांना ते माहीत आहे की नाही, बाईंनी विचारलं नाही.

दुसऱ्या शहरातल्या विक्रेत्याने जाहिरात मागे घेतली. दादाच्या मखमलीवर आता कोपरे नाहीत, आरसे आणि दिवे आहेत. मेळाव्यानंतर बऱ्याच दिवसांनी तो एकदा बाईंच्या कामाच्या खोलीत आला. कवळ्यांच्या फळीपाशी अवघडून उभा राहिला.

"मी वाईट माणूस नाही," तो म्हणाला. "आई जेवत नाही धड. तू येऊन जा."

"येईन मामींना भेटायला. एक सांग, किती जणांना विकलेस, कुणाकुणाला?"

"अगं, किती लोक येतात. पोस्टाने गेले, परगावी गेले. कुठे आठवणार मला?"

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. खरंच त्याला आठवत नव्हतं. आठवावं असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. कुणाच्या तरी पायाखाली, कुठल्या तरी उतारावर ते खडूसारखे तुकडे आजही फिरत होते, आणि विकणारा माणूस समोर उभा राहून म्हणत होता, कुठे आठवणार मला.

एका म्हातारबाईंची कवळी टोचत होती, ती बाईंनी हातात घेतली आणि घासायला सुरुवात केली. दादा जरा वेळ थांबला, मग दार ओढून गेला. दवाखान्यातले डॉक्टर आत डोकावून म्हणाले, "झाली का हो? चालेल तेवढी."

"नाही चालणार," बाई म्हणाल्या, आणि घासत राहिल्या.